मिशीच्या मेणाचा सतरावा लॉट

फेब्रुवारीतल्या एका सकाळी गिरिधरराव सावरबांधे यांनी बायकोच्या दूध तापवायच्या पातेल्यात मधमाशीचं मेण वितळायला ठेवलं, त्यात दोन चमचे खोबरेल तेल टाकलं, आणि दोनशे पानी वहीच्या पहिल्या पानावर ठळक अक्षरांत लिहिलं, 'लॉट क्रमांक एक'. देवकीबाईंनी मागून वाकून पाहिलं आणि विचारलं, "एकच होणार आहे ना?" गिरिधरराव नुसते हसले. ज्या माणसाने हिंगण्याच्या एका कारखान्यात क्वालिटी खात्यात तेहेतीस वर्षं काढली, त्याला पहिला लॉट पास होईल अशी आशा नसते, आणि खरं सांगायचं तर तशी इच्छाही नसते. पहिल्याच फटक्यात माल पास झाला तर क्वालिटीवाल्याने दिवसभर करायचं काय?

मेण होतं मिशीला लावायचं, आणि मिशी होती बाबारावांची. बाबाराव म्हणजे गिरिधररावांचे थोरले भाऊ, राहणार सक्करदरा, जमीन मोजणीच्या कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त. त्यांच्या मिशा अशा होत्या की धुऱ्याचं, म्हणजे शेताच्या बांधाचं, भांडण घेऊन आलेली दोन माणसं टेबलापाशी उभी राहिली की आपसात तडजोड करून परत जायची. डिसेंबरात या बाबारावांना लकव्याचा झटका आला. हातपाय महिना-दीड महिन्यात बरेच सावरले. पण तोंडाची उजवी बाजू खाली ओघळली, तिच्यासोबत उजवी मिशी ओघळली, आणि जीभ जड झाली. डॉक्टर म्हणाले, यांना बोलतं ठेवा, पहिले सहा महिने मोलाचे आहेत, नाही बोलले तर आहे ते बोलणंही जाईल. बोलायला शिकवणारी एक मुलगी घरी आली. तिने बाबारावांना आरशापुढे बसवून 'आ, ई, ऊ' म्हणायला सांगितलं. बाबारावांनी तिला हाताने दार दाखवलं. तेव्हापासून त्यांनी ना घराचा उंबरठा ओलांडला, ना तोंड उघडलं. पाणी पाहिजे असलं की भांडं वाजवायचे. चौकातल्या तर्री-पोह्याच्या ठेल्यावरची दोस्तमंडळी भेटायला आली, तर हे भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

गिरिधररावांनी हे सगळं पाहिलं आणि त्यांच्या डोक्यातलं क्वालिटी खातं जागं झालं. कारखान्यात शिकवतात तसं त्यांनी 'काहून' पाच वेळा विचारायला घेतलं. भाऊ काहून बोलत नाही? कारण बाहेर जात नाही. काहून जात नाही? कारण लाज वाटते. काहून वाटते? मिशी खाली पडली. तिसऱ्याच 'काहून'ला उत्तर सापडल्यामुळे त्यांनी उरलेले दोन विचारलेच नाहीत. जरीपटक्याच्या बाजारातून मिशीच्या मेणाच्या तयार डब्या आणल्या, त्या नागपूरच्या हवेत दुपारपर्यंत पातळ झाल्या. म्हणून मग घरीच करायचं ठरलं.

आता गिरिधररावांचा एक स्वभाव सांगायलाच हवा. हा माणूस बसल्या जागी स्वप्नात जाई. मेण ढवळता ढवळता त्यांना समोर चौकातला ठेला दिसू लागे. सकाळचं कोवळं ऊन आहे, बाकड्यावर भाऊ बसला आहे, पांढरा सदरा, हातात पोह्याची प्लेट, वर लाल तर्री, आणि मिशीची दोन्ही टोकं आकाशाकडे. भाऊ मोठ्या आवाजात कोणालातरी झापतो आहे. पोहे संपतात, तर्री संपते, मिशीला एक थेंब लागलेला नाही. इथे सहसा मेण करपल्याचा वास येई आणि देवकीबाई गॅस बंद करत.

पहिला लॉट घेऊन ते सक्करदऱ्याला गेले. यमुताईंनी, म्हणजे वहिनींनी, दार उघडलं. गिरिधररावांनी भावाच्या मिशीला मेण लावलं, टोक वर वळवलं, आणि पाचच मिनिटांत ती मिशी इतकी कडक झाली की बाबारावांना ओठ हलवता येईना. त्यांनी डोळे वटारले. मग घशातून, दोन महिन्यांत पहिल्यांदा, एक शब्द आला. "काढ."

गिरिधररावांनी वहीत 'शेरा' या रकान्यात लिहिलं, 'काढ'. ग्राहक जे बोलेल ते जसंच्या तसं, त्याच्याच शब्दांत लिहायचं, हा खात्याचा नियम होता, आणि नियमापुढे गिरिधरराव सख्ख्या भावाचंही ऐकत नसत. मग गरम पाण्याने अर्धा तास मिशी सोडवत बसले. घरी परतताना डोक्यात एकच विचार होता, की तेल अर्धा चमचा वाढवायला हवं.

दुसऱ्या लॉटला शेरा मिळाला, 'नको हे'. तिसऱ्यापासून गिरिधररावांनी पद्धत कडक केली. एका वेळी एकच बदल करायचा, आणि जुना नि नवा माल एकाच हवेत, एकाच वेळी, शेजारी शेजारी तपासायचा. शेजारी शेजारी म्हणजे त्यांच्या स्वतःच्या मिशीवर. डाव्या मिशीला जुना लॉट, उजव्या मिशीला नवा. असं लावून ते भर दुपारी बेसामधल्या आपल्या इमारतीभोवती एक तास चालत आणि दर दहा मिनिटांनी आरशात बघून नोंद करत.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात, चौथ्या लॉटच्या पंचविसाव्या मिनिटाला, त्यांची उजवी मिशी खाली आली. डावी ताठ उभी. नेमके त्याच वेळी तळमजल्यावरचे चंद्रभानजी जांभई देत बाहेर आले. चंद्रभानजी वन खात्यातून निवृत्त झाले होते आणि इमारतीतल्या प्रत्येक दुखण्यावर त्यांचं काहीतरी म्हणणं असे.

"सावरबांधेजी," ते हळूच म्हणाले, "जरा हसून दाखवा बरं."

गिरिधररावांना वाटलं चौकशी चालली आहे, म्हणून ते हसले. मिशीचा एक भाग हसला, दुसरा हसला नाही.

"आता दोन्ही हात वर करा."

गिरिधररावांच्या एका हातात आरसा होता, म्हणून त्यांनी एकच हात वर केला. चंद्रभानजींनी पुढचं काही विचारलं नाही. वर जाऊन गिरिधरराव कूलरसमोर टेकतात न टेकतात, तोच इमारतीच्या ग्रूपवर संदेश आला: 'तिसऱ्या माळ्यावरच्या सावरबांधेजींना लकवा. भावाच्या पाठोपाठ. कोणी घाबरू नये. गेटसमोरच्या गाड्या काढा, अँब्युलन्स येऊन राहिली.' आणि अँब्युलन्स खरोखर आली. चौकीदार नत्थूने गेट सताड उघडून ठेवलं होतं. दोघं जण स्ट्रेचर घेऊन जिना चढून आले.

मला काही झालेलं नाही, हे गिरिधररावांनी पाच मिनिटं समजावून सांगितलं. पण पेशंट असंच म्हणतात, हे त्या दोघांना अनुभवाने माहीत होतं. शेवटी, 'रुग्णाने उपचारास स्वतःहून नकार दिला' अशा कागदावर सही करावी लागली. रागाने हात थरथरत होता, त्यामुळे सही वाकडी आली. सही पाहून त्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि स्ट्रेचर आणखी दहा मिनिटं दाराबाहेर उभं ठेवलं. तेहेतीस वर्षं ज्याच्या सहीवाचून ट्रक गेटबाहेर गेला नाही, त्या माणसाच्या सहीची ही किंमत. देवकीबाई आतल्या खोलीत गेल्या होत्या. हसू आवरायला गेल्या होत्या हे त्यांनी नंतर मान्य केलं.

दुसऱ्या दिवशी सक्करदऱ्याला लॉट क्रमांक चारबरोबर ही हकीकतही सांगावी लागली. बाबारावांनी भिंतीवरची नजर काढून भावाकडे पाहिलं. त्यांची डावी भुवई वर गेली.

"तुले... नेलं का?"

"नाही भाऊ. सही केली."

हा शेरा मेणाविषयी नव्हता, पण रकाना शेऱ्याचा होता, म्हणून लिहिला. पुढे लिहिलं, 'उजवी बाजू, पंचवीस मिनिटं. मेणाचं प्रमाण वाढवणे.'

चंद्रभानजींना झाल्या प्रकाराचा पस्तावा झाला, आणि पस्तावलेला शेजारी दुप्पट सल्ले देतो. "डिंक टाका," ते म्हणाले. "मेळघाटात होतो तेव्हा डिंकानं आम्ही काय काय चिकटवलं, तुमाले सांगून खरं वाटणार नाही." गिरिधररावांनी धावड्याचा डिंक आणला, भिजवला, त्याची चव कडू नको म्हणून थोडा गूळही घातला, आणि सातवा लॉट तयार झाला. तो अप्रतिम चिकटला. गिरिधरराव खुशीत, दोन्ही मिशा ताठ ठेवून, दुपारी पंख्याखाली आडवे झाले आणि स्वप्नात ठेल्यापाशी पोचले. स्वप्नात भाऊ आपल्या मिशीवरून प्रेमाने बोट फिरवतो आहे असं वाटत होतं. जाग आली तेव्हा बोट नव्हतं, मुंग्या होत्या. खिडकीपासून उशीपर्यंत एक रांग, उशीपासून मिशीपर्यंत दुसरी.

सुजलेल्या वरच्या ओठाने त्यांनी भावाला हे सांगितलं, तेव्हा बाबाराव बराच वेळ विचार करत राहिले. जीभ आत कुठेतरी जुळवाजुळव करते आहे, हे दिसत होतं. यमुताई चहाचा कप हातात घेऊन दारात थांबल्या.

"मुंग्या," बाबाराव म्हणाले, "काळ्या होत्या... का लाल?"

"लाल."

"मग बरोबर," बाबाराव म्हणाले, आणि चहा घेतला.

यमुताई आत गेल्या आणि पदराने डोळे पुसून आल्या. गिरिधररावांना वाटलं, कांदा चिरत असतील. ते वहीत 'डिंक रद्द' असं लिहिण्यात गुंतले होते.

दहाव्या-अकराव्या लॉटला राळ आली. राळ तापवली की धूर होतो, आणि धुराला तिसरा माळा, चौथा माळा असा भेद कळत नाही. सोसायटीचे सेक्रेटरी धर्मेंद्र, मिहानमध्ये नोकरीला असलेले, कागदाशिवाय न बोलणारे गृहस्थ, एका रविवारी नोटीस घेऊन आले. रहिवासी इमारतीत विनापरवानगी उत्पादन सुरू असल्याचं निदर्शनास आलं आहे, तरी सात दिवसांत खुलासा करावा.

"काका, मले व्यक्तिशः काहीच प्रॉब्लेम नाही," धर्मेंद्र म्हणाले. "पण फॉर्म भरून द्या. फॉर्म असला की मी कोणालेही उत्तर देऊ शकतो."

फॉर्म भरायची वेळ आली की गिरिधरराव फुलून येत. त्यांनी चष्मा पुसला आणि लिहिलं. उत्पादनाचं स्वरूप: मिशीचं मेण. दैनिक उत्पादन: एक चमचा. ग्राहकसंख्या: एक. उत्पादनाचा उद्देश, या रकान्यापाशी ते अडले. खिडकीबाहेर बघत राहिले. ठेला दिसला, बाकडं दिसलं. देवकीबाईंनी दोनदा हाक मारली तेव्हा भानावर आले आणि लिहिलं, 'भाऊ'. समितीची बैठक झाली, त्यात चंद्रभानजींनी पंधरा मिनिटं मेळघाटावर भाषण केलं, आणि परवानगी मिळाली, एका अटीवर. मेण उकळताना जवळ वाळूची लाल बादली ठेवावी. त्यानंतर देवकीबाईंच्या स्वयंपाकघरात फोडणीसुद्धा बादलीच्या साक्षीने होऊ लागली.

राळेचा लॉट बाबारावांनी नाकाशी धरला आणि हात लांब केला. "हा वास... होळीचा आहे. माणसाच्या तोंडाले... होळी लावतो का गा?" बाराव्याला म्हणाले की डबीचं झाकण एका हातानं उघडत नाही, ज्यानं डबी बनवली त्याले दोन हात आहेत म्हणून दुनियेले दोन हात आहेत असं समजतो काय. चौदाव्याला तर उमरेडकडच्या एका मोजणीदाराची गोष्ट निघाली. तो मिशीला तूप लावायचा, आणि मोजणीची साखळी टाकायला वाकला की धुऱ्यावरची कुत्री त्याच्या मागे लागायची. गोष्ट अडखळत, थांबत, दोनदा मागे जाऊन पुन्हा सुरू होत पाऊण तास चालली. गिरिधररावांनी ती सगळी शब्दशः लिहून घेतली, अर्धं पान गेलं, आणि मनात म्हणाले, भाऊ मुद्द्यावर येत नाही, टिकाऊपणाविषयी एक शब्द नाही.

आणि मे महिन्यात, पारा पंचेचाळिसावर असताना, सतरावा लॉट उभा राहिला. मेण, तेल, राळ, चिमूटभर चुन्याची निवळी, सगळं कसं जागच्या जागी. गिरिधररावांनी दोन्ही मिशांना लावला आणि गच्चीवर सहा तास काढले. एकही केस हलला नाही. खाली येऊन त्यांनी सक्करदऱ्याला फोन करून सांगितलं, "वहिनी, जमलं. भाऊले सांगा, परवा घेऊन येतो." मग कूलरसमोर बसून डोळे मिटले. आज स्वप्न स्वतःहून आलं, आणि इतकं स्वच्छ, की पोह्यावरचे शेवेचे तुकडे मोजता आले असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी यमुताई स्वतःच ऑटो करून बेसाला आल्या. गिरिधरराव वही त्यांच्या घरी विसरले होते, ती परत द्यायला. पाणी प्यायल्या, आणि वही टेबलावर उघडून ठेवली.

"भाऊजी, तुमी हे वाचता का, का नुसतं लिहिता?"

"कोणतं पान?"

"सारेच." त्यांनी पहिलं पान उघडलं. 'काढ'. मग बोट पुढे पुढे सरकत गेलं. 'नको हे'. 'तुले नेलं का'. मुंग्यांचं. होळीचं. झाकणाचं. उमरेडचं अर्धं पान. "माह्यासंगं अजून भांडंच वाजवतात. तुमच्या डबीसंगं बोलतात. तुमी जाता ना, त्याच्या आदल्या दिवशीपासून ओठ हलवून राहतात, काय खोट काढायची म्हणून. काल तुमचा फोन आला, जमलं म्हणून सांगितलं, तर त्यांनी हो म्हणलं नाही की नाही म्हणलं नाही. पुन्हा भिंतीकडं तोंड." त्यांनी वही पुढे सरकवली. "माल पास झाला का बोलणं बंद. मले भेव वाटून राहिलं. भाऊजी, हा लॉट पास नका करू."

गिरिधरराव वही उलटी-सुलटी करत बसले. तेहेतीस वर्षं कागदावरून दोष शोधले, आणि स्वतःच्या अक्षरातलं हे एवढं दिसलं नव्हतं. त्यांना शरम वाटली, आणि शरमेहून जास्त आनंद झाला, आणि लगेच भीती वाटली. कारण पुढचं काम अवघड होतं. त्यांनी आयुष्यात कधी खराब लॉट पास केला नव्हता, पण चांगला लॉट हाताने खराब करणं याला तर खात्यात नावसुद्धा नव्हतं. दुपारी त्यांनी सतरावा लॉट पातेल्यात ओतला. तेलाचा चमचा हातात घेऊन उभे राहिले. देवकीबाईंनी पातेलं धरलं.

"टाका," त्या म्हणाल्या. "मी पाहत नाही."

त्यांनी दोन चमचे तेल जास्त टाकलं, डबीवर अठरा आकडा चिकटवला, आणि ताप आल्यासारखे लवकर झोपले.

दुसऱ्या दिवशी सक्करदऱ्याला बाबाराव उठून बसले होते. त्यांनी डबी घेतली, आकडा वाचला, झाकण उघडलं, बोटावर मेण घेऊन अंगठ्याने चोळलं. चेहऱ्यावर काहीच नाही.

"सतरावा... कुठं आहे?"

"तो... बिघडला, भाऊ."

"बिघडला," बाबाराव म्हणाले, "का बिघडवला?"

गिरिधररावांना खोटं बोलायची सवय नव्हती. त्यांचे कान लाल झाले, आणि ते लाल कान बाबाराव लहानपणापासून ओळखत होते. बाबारावांनी यमुताईंकडे पाहिलं. यमुताई जमिनीकडे पाहत होत्या. मग बाबारावांनी डबी खाली ठेवली, आडवे झाले, आणि भिंतीकडे तोंड केलं.

गिरिधरराव घरी आले ते जेवलेच नाहीत. "कळलं त्याला," ते देवकीबाईंना म्हणाले. "आपण त्याला लहान पोरासारखं फसवलं. आता तो कोणाशीच बोलणार नाही, माझ्याशी तर नाहीच." देवकीबाईंनी ताट झाकून ठेवलं.

सकाळी आठला ते बाल्कनीत उभे होते. स्वप्न बघायचा प्रयत्न करत होते, पण बाकडं रिकामंच दिसत होतं. खाली गेटपाशी एक ऑटो थांबला. आधी काठी बाहेर आली, मग एक पाय, मग बऱ्याच वेळाने दुसरा. पांढरा सदरा. डावी मिशी वर, उजवी खाली, आणि कशालाही मेण नाही. यमुताई आतच बसून राहिल्या, मुद्दाम. फिरायला निघालेले चंद्रभानजी जागच्या जागी उभे राहिले. गिरिधररावांनी कठडा धरला.

घर माहीत असूनही बाबाराव काठी टेकत नत्थूच्या खुर्चीपर्यंत गेले. नत्थू उठून उभा राहिला.

"सावरबांध्याचं... घर... कोणतं?"

"कोणते सावरबांधे, बाबूजी? सौरव सावरबांधे का गिरिधर सावरबांधे? दोन आहेत."

बाबारावांनी श्वास घेतला. शब्द जुळवायला वेळ लागला, पण त्यांनी तो घेतला, गेटवरच्या सगळ्यांसमोर. मग तिसऱ्या माळ्यापर्यंत स्वच्छ ऐकू येईल अशा आवाजात म्हणाले,

"ज्याले... मेण बनवता येत नाही, तो."

नत्थूने लगेच वर बोट दाखवलं.